'शाळा' आणि पेडणे-डिचोलीचा वाचक

शाळकरी वयातील प्रेम हा विषय मराठी कादंबरीने फार काळ कॉलेजच्या आवारात नेऊन ठेवला होता. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते. पेडण्याच्या सीमेला लागून असलेल्या त्या गावी त्यांनी किती तरुण मने जवळून पाहिली असतील! परंतु त्यांच्या कादंबऱ्यांतील प्रेमिक ज्या भाषेत बोलतात, ती कोणत्याही शाळेच्या अंगणात ऐकू येणारी नव्हे. ही उणीव मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ने (२००४) भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही. नववीतला मुकुंद जोशी, केवळ आडनावाने ओळखली जाणारी शिरोडकर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुली न्याहाळणारी मित्रमंडळी आणि पाठीमागे १९७५ ची आणीबाणी. लेखकाने प्रेमाला कोठेही सुटे पडू दिलेले नाही. वर्गातले तास, शिक्षकांचा धाक, घरचे बोलणे यांच्या गुंत्यातच ते वाढते. म्हणूनच शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा वाचकास होणारे दुःख भाबडे नसते.

तथापि पेडण्याची किंवा डिचोलीची विद्यार्थिनी हे पुस्तक हाती घेते, तेव्हा एका जागी तिला अडखळल्यासारखे होत असावे. मुकुंदाची शाळा त्याला अंगवळणी पडलेली आहे. तो जी भाषा घरी बोलतो, जवळपास तीच वर्गात ऐकतो आणि तीच मित्रांशी वापरतो. गोमंतकातील मुलाचे तसे नाही. चौथीपर्यंत तो गावच्या मराठी शाळेत असतो. पाचवीला हायस्कुलात पाऊल टाकताच बहुधा इंग्रजी माध्यम सुरू होते. घरात व वाटेवर कोकणी, तीही पेडण्याची निराळी आणि डिचोलीची निराळी; भजनात, नाटकात, पूर्वीच्या पाठ्यपुस्तकात मराठी; फळ्यावर इंग्रजी. नवी शाळा म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसते नवे बाक आणि नवे चेहरे नव्हेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ शाई खर्च केली; या मुलाच्या जिभेची ओढाताण मात्र त्या वादात क्वचितच कोणाच्या ध्यानी आली.

एका कादंबरीने न योजलेली गोष्ट तिच्याकडून मागणे हा अन्याय होय, हे आम्ही जाणतो. 'शाळा'चे यश तिच्या स्वतःच्या भूमीवर निर्विवाद आहे. आमचे गाऱ्हाणे आहे ते तिच्या अनुकरणाविषयी. आमच्या नवोदितांची जी हस्तलिखिते आम्हांस वाचावयास मिळतात, त्यांत पेडण्याचा मुलगाही मुकुंदासारखाच बोलतो. त्याची कोकणी पार पुसलेली असते. आणीबाणीच्या जागी काय यावे, याचाही विचार केलेला दिसत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतल्या किती घरांची मिळकत एकाएकी थांबली! मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. हे सारे ज्याच्या घरात घडले, त्या मुलाचे नववीतले प्रेम या घटनांना न शिवता कसे वाढेल?

'शाळा'तला सुऱ्या केवड्याला सरळ विचारून मोकळा होतो आणि प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जाते. आमच्याकडच्या सुऱ्यापुढे त्याआधी दुसराच पेच असतो. कोणत्या भाषेत विचारावे? कोकणीत विचारले तर थट्टा वाटते, मराठीत विचारले तर नाटकातले वाक्य वाटते, आणि इंग्रजीत तर धड व्याकरणच जुळत नाही.

शिक्षकी पेशात असताना अशा काही चिठ्ठ्या आमच्या हाती आल्या. मायना मराठी, मजकूर कोकणी, शेवटची ओळ इंग्रजी. त्या वेळी शुद्धलेखनाच्या चुकांकडे तेवढे आमचे लक्ष गेले आणि चिठ्ठ्या आम्ही फाडून टाकल्या.