दहाच्या आतले राग

सवाई गंधर्व महोत्सवाचा विषय निघाला की जुने श्रोते रात्रभर जागून ऐकलेल्या गाण्यावर येतातच. गुरूंच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशींनी १९५३मध्ये सुरू केलेला हा महोत्सव एकेकाळी पहाटेपर्यंत चाले. पुढे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आला आणि मैफल दुपारकडे सरकली. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळाली, तरी उत्तररात्रीचे राग वेळापत्रकाबाहेरच राहतात.

ही हळहळ खरी आहे. पण मी अख्खा दिवस तिथे बसलो तेव्हा मला खटकली ती दुपार. मुलतानी, भीमपलास, पटदीप हे राग एरवी संध्याकाळच्या मैफलींत क्वचितच वाट्याला येतात. त्या दिवशी एका तरुण गायिकेने मुलतानी घेतला. आरोहात वगळलेले कोमल रिषभ-धैवत अवरोहात येऊ लागले, तशी कलती उन्हं सुरांत उतरली. समोर मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्यात घड्याळाचा धाक, म्हणून विलंबित जेमतेम स्थिरावतो तोच द्रुत सुरू करावी लागली. मंडप भरला तो नामवंतांच्या वेळेला.

रात्र कायद्याने गेली. तिच्याबद्दल बोलून फारसं काही होणार नाही. दुपार मात्र हातात आहे आणि ती आपण नावांची वाट पाहण्यात घालवतो. प्रहराचं शास्त्र कलाकारांनी पाळावं असं वाटत असेल, तर श्रोत्यांनीही त्या प्रहराला हजर असायला हवं.