कासाहून वाचलेली रमाबाईंची अमेरिका

बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, अमेरिकेतले इव्हँजेलिकल ख्रिस्ती आणि तिथलं राजकारण. आत येताना एका शिक्षकांनी विचारलं, कासाला बसून या विषयाचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एका जुन्या मराठी पुस्तकातून जातं, म्हणून आधी त्या पुस्तकाची चिकित्सा करू, बातम्यांकडे नंतर वळू.

पुस्तक पंडिता रमाबाईंचं. 'यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त', साल 1889. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानासाठी रमाबाई 1886 च्या मार्चमध्ये इंग्लंडहून तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. पण तिथला चर्च राजमुकुटाला बांधलेला. तिथल्या धर्मगुरूंनी आणि मठातल्या भगिनींनी काय मानायचं ते सांगावं आणि रमाबाईंनी पत्रांतून वाद घालावा, असं चाललं होतं. अमेरिकेत त्यांना वेगळंच दिसलं. सरकारचा धर्म नाही, पंथ ढीगभर, आणि प्रत्येक पंथ आपल्या सभासदांच्या वर्गणीवर चालतो. देवळाचा खर्च जो करतो तोच तिथे गुडघे टेकतो. पारतंत्र्यातल्या मराठी वाचकाला हे वाचताना काय वाटलं असेल, विचार करा.

ही व्यवस्था तिथे आपोआप आली नव्हती, बरं का. ती मागणाऱ्यांत बाप्टिस्ट होते, म्हणजे आजच्या इव्हँजेलिकलांचे पूर्वज. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना दुसऱ्या पंथाचा सरकारी वरचष्मा जाचत होता. त्यांनी लिहिलं, तेव्हा 1802 साली राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी उत्तरात धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला. ही भिंत हवी होती ती श्रद्धावंतांनाच.

आता पुस्तकाचा दोष. रमाबाईंना तिथल्या बायकांच्या दारूबंदी चळवळीचं आणि तिच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांचं फार कौतुक. कौतुक योग्यच होतं, मताचा अधिकार नसलेल्या बायकांनी देश हलवला होता. पण सज्जनांची संघटित ताकद फक्त चांगलंच करेल, असा एक भाबडेपणा त्या लेखनात आहे. 1920 मध्ये त्याच ताकदीच्या जोरावर देशभर दारूबंदी आली, थेट घटनादुरुस्तीने. 1933 मध्ये ती रद्द करावी लागली. मधल्या काळात गुन्हेगारांच्या टोळ्या गब्बर झाल्या. पाड्यावर दारूबंदी मागणाऱ्या बायका आपणही पाहतो, आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत. तरी नवऱ्याला हात धरून घरी आणणं वेगळं आणि त्यासाठी पोलीस बोलावणं वेगळं. हा फरक रमाबाईंच्या पुस्तकात पुसट आहे.

आजच्या बातम्यांमधली अमेरिका याच पुसट जागेतून पुढे आलीय. आपल्याला वाटतं गर्भपाताचा वाद तिथे चर्चइतकाच जुना असेल. तसं नाही. सदर्न बाप्टिस्ट या सर्वात मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने 1971 साली ठराव केला, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक, मानसिक आरोग्याला धोका असेल तर कायद्याने गर्भपाताला मुभा द्यावी. आठच वर्षांनी, 1979 मध्ये, जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' काढली आणि गर्भपाताला विरोध ही निष्ठेची खूण होत गेली. मधे काय घडलं? काळ्या विद्यार्थ्यांना दूर ठेवणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकारने काढायला घेतली होती. बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत 1976 मध्ये गेली. या रागातूनच संघटन उभं राहिलं, असं काही इतिहासकार म्हणतात. आम्हाला ते बरंचसं पटतं, पण सगळं नाही. गर्भपाताबद्दल मनापासून हळहळणारी माणसं खोटी नव्हती. मात्र 2016 मध्ये दहातल्या आठेक गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी ट्रम्प यांना मत दिलं, आणि तोच येशू मानणारे बहुसंख्य काळे ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला राहिले. तेव्हा मत नुसत्या शुभवर्तमानातून येतं, असं म्हणता येत नाही.

बरं, मग अमेरिकेतून आपल्याकडे कोण आलं? हा प्रश्न इथे क्वचित विचारला जातो. डहाणूला आले ते चर्च ऑफ द ब्रदरनचे लोक. 1894 मध्ये त्यांचे पहिले मिशनरी भारतात पोचले, वलसाडला बस्तान बसवलं आणि पुढच्या दशकात डहाणूत ठाणं केलं. दवाखाना काढला. डॉ. बार्बरा निकी यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. हा पंथ 1708 मध्ये जर्मनीत निघालेला, छळामुळे पेनसिल्व्हेनियात गेलेला. युद्धात शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, सरकारपासून चार हात लांब राहायचं, अशी त्यांची शिकवण. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात त्यांची इथली मंडळी सामील झाली. तलासरीचे जेसुइट हे आणखी वेगळे, ते रोमन कॅथलिक. केनेडी 1960 मध्ये उभे राहिले तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी इव्हँजेलिकलांना कॅथलिक राष्ट्राध्यक्ष नकोच होता. आपण मात्र या सगळ्यांना एकच शब्द लावतो, 'मिशनवाले'.

पण रमाबाईंची कसोटी इथे लावली की ब्रदरनही पूर्ण सुटत नाहीत. वर्गणी देणारे इलिनॉयला आणि गुडघे टेकणारे आपल्या पाड्यावर. देणारा आणि झुकणारा वेगळे झाले की स्वेच्छा कुठे संपते? रमाबाईंना हा प्रश्न स्वतःलाच भोवला. शारदा सदन अमेरिकन पैशावर, धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या वचनावर उभं होतं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाई म्हणाल्या, मी जबरदस्ती केली नाही. खरंच केली नव्हती. पण जेवण आणि प्रार्थना एकाच हातून मिळत असेल, तर दहा वर्षांच्या मुलीने नाही कसं म्हणायचं? हाच प्रश्न आम्ही मुंबईच्या देणग्यांवर चालणाऱ्या, दुसऱ्या धर्माच्या वसतिगृहांनाही विचारतो. तिथे तो विचारला की लोक रागावतात.

आणि दोघांनीही जमिनीचं काय केलं? वेठ आणि लग्नगडी मोडली ती 1945 च्या वारल्यांच्या उठावाने, किसान सभेच्या लाल बावट्याखाली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय.

16 एप्रिल 2020 च्या रात्रीबद्दल बोलल्याशिवाय कासाला हा विषय पुरा होत नाही. गडचिंचले याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. मुलं पळवणाऱ्यांची अफवा होती. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या गाडीवरही जमाव धावला होता. दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. ती हत्या होती आणि तिची लाज आपल्याला वाटलीच पाहिजे. पण आधी मुसलमान, मग मिशनरी, मग कम्युनिस्ट असे आरोपी दूरचित्रवाणीवर ठरत गेले, तेव्हा अफवेची चौकशी मागे पडली. दूर बसून एका शब्दात गाव समजून घेण्याची ही सवय. आपणही अमेरिकेकडे असंच बघतो.

शेवटचा मुद्दा, इथल्या तरुणांचा. डी-लिस्टिंगची मागणी तुम्ही ऐकलीय, धर्म बदललेल्या आदिवासीचं नाव अनुसूचीतून काढा म्हणणारी. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये म्हटलं, की धर्म बदलल्याने जमात आपोआप सुटत नाही, मात्र ती व्यक्ती जमातीच्या रूढींत आहे का, हे पुराव्याने पाहावं. म्हणजे समजा एखाद्या वारली घरात लग्नाला धवलेरी बोलावली नाही, पालघटचा चौक लिहिला नाही, तर? चौक न लिहिणारी घरं ख्रिस्ती नसलेल्यांतही आहेत. घरात गणपती बसवणाऱ्याला हा पुरावा कोणी मागितल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीवर उभ्या असलेल्या मुलीला हा प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला, यावर तुमचं म्हणणं ऐकायचंय. माइक मागे पाठवा, तिकडे हात वर झालाय.