परक्या चालीरीती आणि आपले माप : मराठीतील तीन परदेशदर्शनांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

परदेशात गेलेल्या मराठी माणसाच्या लेखनात एक भाग हमखास आढळतो. तेथील लोक काय खातात, कसे नेसतात, पाहुण्याशी कसे वागतात, घरकाम कोण करते, म्हाताऱ्या आईवडिलांची व्यवस्था कशी लावतात, याविषयीची ती निरीक्षणे असतात. वास्तूंची आणि निसर्गाची वर्णने वाचक कालांतराने विसरतो. ही निरीक्षणे मात्र त्याच्या स्मरणात राहतात. याचे कारण उघड आहे. या ठिकाणी लेखक तुलना करीत असतो आणि त्या तुलनेत वाचकाचे स्वतःचे घर न सांगता येऊन उभे राहते.

प्रवासवर्णनाची चर्चा बहुधा भाषाशैली, चित्रमयता, विनोद आणि माहितीचा अचूकपणा या अंगांनी होते. परक्या राहणीविषयी लेखक जो निवाडा देतो तो कोणत्या मापाने देतो, हा प्रश्न त्या मानाने मागे राहतो. वास्तविक अशा लेखनाचे मोल याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. परकी चाल ही आश्चर्याची वस्तू म्हणून दाखविणे सोपे असते. तिची निंदा करणे किंवा तिच्यापुढे दिपून जाणे हेही सोपे असते. तिच्यामागील कारण शोधणे आणि त्याच मापाने आपली चाल मोजणे अवघड असते. प्रस्तुत लेखात आनंदीबाई जोशी यांची अमेरिकेतील पत्रे, पंडिता रमाबाई यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (1889) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (1960) या तीन लेखनांच्या आधारे या मापाचा विचार केला आहे.

पत्रातील सवय : आनंदीबाई जोशी

आनंदीबाई 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. निघण्यापूर्वी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीरपणे सांगितले होते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत जेवणखाण आणि पोशाख या केवळ खाजगी आवडीनिवडी राहिल्या नाहीत. ते एका जाहीर वचनाचे पालन होते आणि त्याकडे मायदेशातील समर्थक व विरोधक दोघांचेही लक्ष होते.

त्यांच्या पत्रव्यवहारातील लुगड्याचा प्रश्न या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. महाराष्ट्राच्या हवेत त्यात काही अडचण नाही; पण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ती साधी गैरसोय राहत नाही, तो प्रकृतीचा प्रश्न होतो. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. देशी पोशाख कायम राहिला आणि थंडीपासून थोडे संरक्षणही मिळाले. मात्र हा निर्णय पतीला पत्रातून समजावून सांगणे त्यांना भाग पडले. ज्या गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी समाजाचा रोष पत्करला, त्यांनाच तिच्या नेसण्यातील बदल सहजपणे मान्य होण्यासारखा नव्हता.

येथे सांस्कृतिक भेद ही अमूर्त कल्पना राहत नाही. शरीर एका हवामानात आहे आणि त्या शरीरावर हक्क सांगणारी दृष्टी दुसऱ्या हवामानात आहे, असा हा पेच आहे. पत्र हा वाङ्मयप्रकार या पेचाला अनुरूप ठरतो. प्रवासवर्णनाचा लेखक बहुधा अनोळखी वाचकाला उद्देशून लिहितो आणि परक्या चालीचे वर्णन करून मोकळा होतो. पत्रलेखिकेला ज्याच्या संमतीवर आपले राहणे अवलंबून आहे अशाच माणसाला लिहावयाचे असते. त्यामुळे तिच्या लेखनात सवयीची किंमत दिसते. कोणती सवय सोडली तर काय गमवावे लागेल आणि ती धरून ठेवली तर काय सोसावे लागेल, हा हिशेब या पत्रांच्या मुळाशी आहे. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. हा शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला पोशाखाविषयीचा तो मजकूर किरकोळ वाटत नाही.

लोकस्थितीचे माप : पंडिता रमाबाई

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई 1886 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. अल्प मुक्कामासाठी आखलेला हा प्रवास पुढे 1888 च्या अखेरपर्यंत लांबला. या काळात त्यांनी देशभर व्याख्याने दिली, बालविधवांच्या शिक्षणासाठी निधी गोळा केला आणि परत येऊन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

पुस्तकाच्या नावात ‘लोकस्थिती’ हा शब्द आधी येतो आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. हा क्रम सूचक आहे. प्रवासाची हकीकत सांगून झाल्यावर लेखिका स्वतः मागे सरते आणि राज्यव्यवस्था, घरगुती राहणी, शिक्षण, धर्मपंथ व दानधर्म, स्त्रियांची स्थिती, उद्योगव्यापार अशी मांडणी पुढे येते. यामुळे चालीरीती एकट्या राहत नाहीत. स्त्रियांच्या वागण्यातील मोकळेपणा हा त्यांच्या स्वभावाचा गुण म्हणून न येता शाळा, महाविद्यालये, वेतनाची कामे आणि स्त्रियांच्या संघटना यांचा परिणाम म्हणून समोर येतो. जी गोष्ट संस्थांमुळे घडते ती अन्यत्रही घडविता येते, असा विश्वास या मांडणीतून वाचकाला मिळतो. परक्या देशाचे वर्णन येथे मायदेशासाठी कार्यक्रम बनते.

रमाबाई अमेरिकेपुढे दिपून गेल्या नाहीत. टोप्यांवर मृत पक्षी व पिसे मिरविण्याच्या तत्कालीन फॅशनवर त्यांनी कडक टीका केली आहे. कंबर आवळणाऱ्या पोशाखाचे दुष्परिणामही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. मूळच्या शाकाहारी, वैदिक कुटुंबात वाढलेल्या लेखिकेला येथे आपल्या परंपरेची थोरवी गाण्याची आयती संधी होती. परंतु परक्यांच्या एका दोषावरून आपले सर्व गुण सिद्ध करण्याची वाट हे पुस्तक धरीत नाही. अमेरिकेतील स्त्री सुधारणेचे दाखले देताना स्वदेशातील स्त्रीची अवस्था लेखिकेच्या डोळ्यांसमोर सतत असते. टीका आणि अनुकरण यांची येथे सरमिसळ होत नाही. काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे वेगवेगळे सांगितले जाते.

याच संदर्भात वर्णभेदाविषयीचे त्यांचे निरीक्षण पाहण्यासारखे आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केल्याबद्दल अर्पण केला होता. दुरून पाहिलेली ती अमेरिका शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आदर्श होती. रमाबाईंनी तो देश जवळून पाहिला, तेव्हा दास्य कायद्याने संपले तरी कृष्णवर्णीयांविषयीचा तिटकारा आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय संपलेले नव्हते, हे त्यांना नोंदवावे लागले. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेशेजारी रमाबाईंचे पुस्तक ठेवून वाचले असता कायदा बदलणे आणि सवय बदलणे यांतील अंतर स्पष्ट होते. हे अंतर भारतीय वाचकाला अमेरिकेहून अधिक आपल्या गावात ओळखीचे आहे.

रमाबाईंच्या दृष्टीलाही मर्यादा आहेत. त्यांचा वावर मुख्यतः मद्यपानबंदी, धर्मकार्य आणि स्त्रीशिक्षण या क्षेत्रांतील मध्यमवर्गीय सुधारकांमध्ये होता. फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारख्या नेत्यांशी त्यांचा स्नेह होता आणि त्यांच्या कार्याला अमेरिकन देणगीदारांचा आधार होता. कृतज्ञतेचा रंग पुस्तकावर चढणे स्वाभाविक होते. कारखान्यातील मजूर स्त्री किंवा नुकतीच आलेली स्थलांतरित स्त्री या देशाचे चित्र कसे काढील, हा प्रश्न वाचकाला स्वतः विचारावा लागतो. पुढे धर्मांतराच्या वादात रमाबाईंच्या कार्याकडे संशयाने पाहिले गेले आणि मराठी वाङ्मयाच्या चर्चेत या पुस्तकाला त्याच्या योग्यतेचे स्थान दीर्घकाळ मिळाले नाही. 2003 मध्ये त्याची दोन इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वळले.

हास्याचे माप : ‘अपूर्वाई’

‘अपूर्वाई’ पर्यंत येताना सुमारे 70 वर्षांचे अंतर ओलांडावे लागते. देश स्वतंत्र झालेला आहे. परदेशगमनाला आता प्रायश्चित्त लागत नाही, लोकांचा निरोपसमारंभ लागतो. पु. ल. देशपांडे 1958 मध्ये दूरचित्रवाणीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. या प्रवासाची लेखमाला ‘किर्लोस्कर’ मासिकातून प्रसिद्ध झाली आणि नंतर तिचे पुस्तक झाले. ज्या इंग्रजाने दीड शतक राज्य केले त्याच्या घरी आता पाहुणा म्हणून जावयाचे, हा या पुस्तकातील विनोदाचा खोल आधार आहे.

प्रवासाची तयारी, सल्ला देणाऱ्यांची गर्दी, टेबलावरील शिष्टाचारांची धास्ती, इंग्रजांचा अबोलपणा, त्यांची रांगेची शिस्त आणि रंगभूमीवरील त्यांची श्रद्धा हे सर्व या लेखनात येते. हसण्याचा रोख मात्र बहुधा स्वतःकडे वळलेला असतो. मध्यमवर्गीय मराठी माणसाचा न्यूनगंड, त्याचा अभिमान आणि त्या दोहोंची लपवाछपवी हाच खरा विषय ठरतो. परक्या चालीला हसण्यापूर्वी स्वतःच्या चालीला हसणे, ही ‘अपूर्वाई’ची नैतिक शिस्त म्हणता येईल. तिच्यामुळेच साहेबाविषयीचा द्वेष आणि त्याच्याविषयीची भक्ती या दोन्ही टोकांपासून हे लेखन दूर राहते.

तथापि विनोदी दृष्टीने एक गोष्ट सुटते. सवय हसण्याजोगी झाली की तिचे कारण विचारण्याची निकड कमी होते. शिवाय प्रवाशाला रस्ता, नाटकगृह आणि उपाहारगृह जवळून दिसते. घर मात्र बाहेरून दिसते. कोण भांडी घासते, कोण आजाऱ्याजवळ बसते, हा रमाबाईंच्या मांडणीत मध्यभागी असणारा प्रश्न येथे कडेला जातो. हा ‘अपूर्वाई’चा दोष मानण्यापेक्षा तिच्या प्रकाराची सीमा मानणे न्याय्य होईल. अडचण नंतरच्या अनुकरणात निर्माण झाली. पुढील अनेक परदेशवर्णनांनी गमतीदार सवयींची यादी उचलली, स्वतःकडे वळणारे हसू मात्र उचलले नाही.

तुलना आणि आजचा संदर्भ

तिन्ही लेखनांतून तीन कसोट्या हाती येतात. आनंदीबाईंची पत्रे सवयीची किंमत विचारतात, रमाबाईंचे पुस्तक सवयीचे कारण विचारते आणि ‘अपूर्वाई’ सवय पाहणाऱ्यालाच तपासते. यांपैकी एकही कसोटी न लावता दिलेला निवाडा केवळ अभिप्राय राहतो.

या कसोट्यांची आज किती गरज आहे, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून दिसते. पाश्चात्त्य देशांत वृद्ध आईवडील मुलांपासून वेगळे राहतात, म्हणून ‘तिकडे माया नाही’ असा निष्कर्ष परदेशवर्णनांत आणि घरगुती गप्पांत सहज काढला जातो. वेगळे राहण्यामागे निवृत्तिवेतन, घरांची रचना, नोकरीसाठीचे स्थलांतर आणि स्वतः वृद्धांची स्वतंत्र राहण्याची इच्छा यांचा काय भाग आहे, हे विचारले जात नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. आपल्याकडील ज्या मायेचा दाखला दिला जातो, ती प्रत्यक्षात कोणाच्या हातून घडते? बहुसंख्य घरांत अंथरुणाला खिळलेल्या सासूसासऱ्यांचे करणे सुनेच्या वाट्याला येते. तिच्या नोकरीचे, झोपेचे आणि दुखण्याचे मोल त्या तुलनेत कोठेही धरलेले नसते. संस्कृतीचे श्रेय कुटुंबाला मिळते आणि श्रम एका व्यक्तीचे असतात.

परक्यांच्या कोरडेपणाविषयीची अशी विधाने त्यामुळे निरुपद्रवी ठरत नाहीत. ती आपल्या घराची स्तुती करतात आणि त्या घरातील स्त्रीला अदृश्य करतात. परदेशी राहणीवर मराठीत लिहिणाऱ्या दोन आरंभीच्या लेखिकांनी नेमकी हीच बाजू उघडी ठेवली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या लेखनाचे महत्त्व ऐतिहासिक कुतूहलापुरते उरत नाही.

समारोप

परक्या चालीरीतींवरील वैयक्तिक चिंतन हा दुय्यम वाङ्मयप्रकार नाही. समाज स्वतःला कसे मोजतो याचा तो एक विश्वसनीय पुरावा आहे. आनंदीबाईंना लुगड्याच्या नेसणीचे उत्तर द्यावे लागले; रमाबाईंनी परक्या घरातील व्यवस्था पाहून मायदेशी शाळा काढली; पु. लं.नी साहेबाच्या टेबलाशी बसून स्वतःची धांदल जगाला दाखविली. तिघांनीही माप दुसऱ्याला लावण्यापूर्वी किंवा लावताना ते स्वतःकडे वळविले. यापुढे परदेशातील राहणीविषयी लिहिणाऱ्याने ‘ते असे का वागतात’ या प्रश्नाला ‘आपल्याकडे हेच काम कोण करते’ या प्रश्नाची जोड दिली, तरी या परंपरेचे ऋण काही अंशी फिटेल.