कन्फ्यूशियस आणि दारात आलेली बाई

कन्फ्यूशियस देव नव्हे, अवतार नव्हे. इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ या काळातला, चीनच्या लू राज्यातला मास्तर. वाळल्या मांसाची जुडी (आपल्या चान्याच म्हणा) घेऊन आलेल्यालाही शिकवायचा. शिकवताना वरचा-खालचा बघू नये, म्हणायचा. इथवर मान्य.

घोळ पुढं आहे. त्याच्या परंपरेनं पाच नाती सांगितली : राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. मोजा. चारांत एक वर, एक खाली. बरोबरी फक्त दोस्तीत. माणुसकी आली, पण उतरंडीतून आली.

सरकारी परीक्षाही याच ग्रंथांवर बेतल्या. १९०५ साली त्या बंद झाल्या. गरिबाचं पोरही अंमलदार होईल, अशी शेखी. पण शाओशिंग भागातल्या 'दुओमिन' लोकांना परीक्षेला बसायचीच बंदी! १७२३ साली बादशहानं हुकमानं त्यांचा कलंक पुसला. कागदावर. लोकांच्या मनातला तसाच राहिला.

लू शुन त्याच शाओशिंगचा. १९१८ च्या 'वेड्याची रोजनिशी'त त्यानं हा सगळा नीतिधर्म माणूसखाऊ ठरवला. दोस्तहो, असा लेखक आपला वाटतो. पण दुओमिनांवरचा त्याचा १९३३ चा लेख आपल्याला टोचतो. क्रांतीनंतर त्याची आई एका दुओमिन बाईला सांगते, आता आपण सारखे, तुम्ही दारात नाही आलात तरी चालेल. बाई भडकते : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या येणारच. लू शुनला यात गुलामाचं मन दिसतं, थोड्याशा बक्षिसीसाठी गुलामी जपणारं.

थोडीशी? कुणाच्या मापानं? बरोबरी तोंडी मिळाली. चूल कशानं पेटवायची? पाळीची भाकर मागून आणणाऱ्या आज्यांची आपण नातवंडं. त्या बाईचा राग आपल्याला कळतो. लू शुननं तिचं मन वाचलं, पोट वाचायचं राहिलं.

१९६६ साली रेड गार्डांनी कन्फ्यूशियसच्या कबरीची मोडतोड केली. २००४ साली चीन सरकारनं त्याच्याच नावानं परदेशांत संस्था काढायला सुरुवात केली. दक्षिण कोरियात पुरुषाला पुढं ठेवणारी कुटुंबप्रमुखाची पद्धत कायद्यातून जायला २००८ उजाडलं. दगड फोडून उतरंड मोडत नाही. ती ताटात असते, लग्नात असते, पगारात असते. टीका करायची तर तिथं करा.