सत्यवादी राजाची दोन रिळं

आपल्या झाडीपट्टीत नाटकाची वही हरवली तरी नाटक मरत नाही. नटांना संवाद पाठ असतात. पुढच्या मंडईला ते पुन्हा उभं राहतं. चित्रपटाचं तसं नाही. फीत गेली की तो गेला. आणि मूकपटांची नायट्रेट फीत तर आपोआप कुजते, पेटली तर पाण्यातही विझत नाही. २००३ साली पुण्यातल्या आगीत अशी कितीतरी रिळं गेली.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. चित्रपट चार रिळांचा. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं, अशी दोनच आहेत. तीही पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे. त्यांचे आपल्यावर ऋण आहे, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली, आणि उरलेली रिळं या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. कुणी म्हणेल, कथा तीच, दिग्दर्शक तोच, मग फरक काय पडतो? आम्ही म्हणतो, समीक्षेला पडतो. हौदातलं ते दृश्य घ्या. ओल्या साड्यांतल्या साऱ्या बायका म्हणजे पुरुष नट. आपल्या दंडारीच्या प्रेक्षकाला यात नवल नाही. पण 'पहिल्याच चित्रपटात केवढा मोकळेपणा!' असं आपण लिहितो, तेव्हा चार वर्षांच्या अनुभवाचं श्रेय नवशिक्याला देत असू. मग फाळके काय काय शिकत गेले, ते दिसणारच नाही.

नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? दोन रिळं सलग जोडून दाखवली की मधली दोन कधी नव्हतीच, असं वाटू लागतं. जतन म्हणजे फीत थंड खोलीत ठेवणं एवढंच नव्हे. ती कशाची आहे आणि तिच्यात काय नाही, हेही सांभाळणं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक खेळाआधी पडद्यावर एक पाटी यावी: चारांपैकी दोन रिळं, साल वादग्रस्त. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या चित्रपटाबद्दल एवढं खरं बोलायला आपल्याला जड जाऊ नये.