कलाशाळेच्या कुंपणाबाहेर

जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारांत शिरणारा सुशिक्षित पाहुणा बहुधा प्रथम किपलिंगच्या जन्मस्थानाची चौकशी करतो. गर्द झाडींतील हिरवा बंगला पाहून तो कृतार्थ होतो. रडयार्ड किपलिंग १८६५ सालीं याच आवारांत जन्मला हें खरें. पण आज उभा असलेला बंगला त्यानंतरचा आहे. ही चूक क्षम्य होय. एका ग्रंथकाराच्या पाळण्यापुढें शेंकडों विद्यार्थ्यांचें काम दृष्टीआड व्हावें, हें मात्र आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

सर जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीनें ही शाळा १८५७ सालीं सुरू झाली. हल्लींची दगडी इमारत १८७८ ची. रडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग येथें १८६५ पासून दहा वर्षें शिकवीत होते. जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दारांवर शेतकऱ्यांचीं जीं उठावाचीं शिल्पें आहेत, त्यांची योजना त्यांचीच. पुढें बोरीबंदरच्या स्टेशनाच्या नक्षीकामांत जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं येथील विद्यार्थी राबले. तें स्टेशन १८८८ सालीं पुरें झालें.

ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे नमुने पुढें ठेवून या शाळेनें हिंदी हातांस परकी वळण लावलें, असा आक्षेप घेतात. तो निराधार नाहीं. परंतु हेच ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळांत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवीत होते. त्यांतील पुष्कळ प्रतिकृति लंडनमधील १८८५ च्या आगींत जळाल्या. आपल्याच पूर्वजांचीं चित्रें मुंबईच्या मुलांनीं परक्या शिक्षकाचा हात धरून अभ्यासिलीं; तेव्हां ‘परकी’ या एका शब्दानें शाळेचा निकाल लावणें न्याय्य नव्हे.

आमच्या मतें खरा दोष पाहणारांचा आहे. गिरगांव-दादरच्या घरांतून नाटक-कादंबऱ्यांची चर्चा रंगते. चित्र-शिल्पांविषयीं मात्र आपण निरक्षरच. परळ-दादरचे हजारों नोकरदार रोज त्या स्टेशनांत, आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसमध्यें, उतरतात. पण मान वर करून दगडांतला मोर कितीजण पाहतात?

२०२३ सालीं या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पदवी वाढली, परंतु पाहणारा समाजच नसेल, तर कलावंत घडवावयाचे कोणासाठीं? पालकांस आमची सूचना इतकीच, कीं मुलांस ही शाळा दाखवावयाची तर आधीं मंडईच्या दारापाशीं, मग स्टेशनापाशीं उभें करावें, आणि आवारांत शेवटीं शिरावें. तेथें झाडाखालीं रेखाटीत बसलेला विद्यार्थी भेटला, तर त्यास किपलिंगचा बंगला विचारूं नये. तो काय रेखाटीत आहे, तें विचारावें.