सहल कुणाची, वतन कुणाचे?

मराठीत कौटुंबिक भटकंतीवर विपुल लिहिले जाते. दिवाळी अंक उघडला की एखादे जंगल, एखादा गड आणि एखादे आजोळ भेटतेच. हे लेखन वाचायला गोड असते. पण ते वाचून झाल्यावर आम्हाला नेहमी दोन प्रश्न पडतात. सहल जिथे गेली तिथल्या माणसांना हे पाहुणे कसे दिसले? आणि लेखक ज्याला ‘आमचे गाव’ म्हणतो, ते त्याचे कशामुळे झाले? या दोन कसोट्या लावून आम्ही आमच्या वरोऱ्याशी नाते असलेले एक पुस्तक पुन्हा वाचले. ते म्हणजे डॉ. प्रकाश आमटे यांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले ‘प्रकाशवाटा’. सेवाकार्याचे पुस्तक म्हणून त्याचा पुष्कळ गौरव झाला. एका फिरत्या कुटुंबाचे पुस्तक म्हणून मात्र ते सहसा वाचले जात नाही.

या पुस्तकातल्या कार्याचे बीज एका सहलीत आहे. १९७० च्या सुमारास बाबा आमटे विकास आणि प्रकाश या दोन्ही मुलांना घेऊन भामरागडच्या जंगलात गेले. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा तिथे संगम आहे. अशा जागी एरवीचा मराठी प्रवासलेखक सूर्यास्तावर दोन पाने खर्च करील. इथे मनात राहतात ती परक्यांना पाहून झाडीत पळून जाणारी माडिया माणसे. आपल्याला पाहून माणसे पळतात, ही गोष्ट पाहुण्याला बोचली पाहिजे. आमट्यांना ती बोचली. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि पुढे प्रकाश आमटे पदव्युत्तर शिक्षण सोडून मंदाताईंसह तिथे राहायला गेले. सहलीला गेलेला मुलगा त्या गावचा रहिवासी झाला. आमच्या मते या पुस्तकाचे साहित्यिक मोलही इथेच आहे. त्याची भाषा साधी, बोलण्यासारखी आहे. जंगल सुंदर आहे हे लेखक वारंवार सांगत नाही, कारण ज्याला तिथे पावसाळा काढायचा असतो त्याला नद्यांचे पूर आणि बंद पडलेल्या वाटा आधी दिसतात.

दुसऱ्या कसोटीकडे वळू. ‘वतन’ हा शब्द अरबीतून आला, पण मराठीत आणि उर्दूत त्याचे दोन वेगळे संसार झाले. मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली जमीन, इनाम, हक्क. उर्दूत वतन म्हणजे जिच्या आठवणीने जीव तुटतो ती भूमी. बाबा आमट्यांकडे मराठी अर्थाचे वतन होते. १९१४ साली हिंगणघाटला जन्मलेल्या या जमीनदारपुत्राची शेती वरोऱ्याजवळ गोरज्याला होती आणि तरुणपणी शिकारीचा शौकही होता. ते सारे मागे ठेवून त्यांनी कुष्ठरुग्णांसोबत खडकाळ माळावर आनंदवन उभे केले. मुलगा तिथून सुमारे २५० किलोमीटरवरच्या हेमलकशाला गेला. नातवंडे हेमलकशाच्या शाळेत माडिया मुलांबरोबर शिकली. त्यांच्यासाठी आनंदवन हे आजी-आजोबांचे गाव आणि हेमलकसा हे स्वतःचे. तीन पिढ्या आणि तीन गावे. आजोबांनी शिकार केली. मुलाने मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू तांदूळ देऊन शिकाऱ्यांकडून सोडवले. म्हणजे मूळ गाव नुसते वारशाने मिळत नाही. तिथे काय केले, कुणाबरोबर राहिलो, यावरूनही ते आपले होते.

पुस्तकाची एक उणीवही सांगितली पाहिजे. रुग्णाला खाटेवर घालून, जंगल तुडवत, दिवसचे दिवस चालत आणणारे माडिया नातलग हे या प्रदेशातले खरे प्रवासी. पण ते बहुतेक वेळा दवाखान्याच्या दारात पोचल्यावरच आपल्याला दिसतात. वाटेत ते काय बोलले, कुठे थांबले, कशाला भ्याले, हे कळत नाही. डॉक्टरने ते लिहावे अशी अपेक्षा कदाचित जास्तीची असेल. ते लिहिणारा त्यांच्यातूनच यावा लागेल.

हा मुद्दा आमच्या जिल्ह्यात अगदी ताजा आहे. ताडोबावर आज असंख्य सफारीवर्णने लिहिली जातात. सफारी हा शब्दही आपल्या ‘सफर’चाच, आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतून फिरून आलेला. या वर्णनांत वाघ असतो, जिप्सी असते, गाईड असतो. ज्या तारू देवावरून ताडोबा हे नाव पडले असे मानतात, त्याचे ठाणे ओझरते येते. पण बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे व्याघ्र प्रकल्पातून उठून बाहेर वसली, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. ज्यांची वाडवडिलांची राखरांगोळी त्या मातीत आहे, त्यांच्या गावावरून आज पर्यटकांच्या गाड्या जातात. वाघाला जागा हवी, यात वाद नाही. परंतु त्या जागेचे वर्णन करताना तिथून उठलेल्या घरांना एक ओळही न देणारे लेखन आम्हाला अपुरे वाटते.

आता आपल्याकडे पाहू. ‘मूळ कुठले?’ हा प्रश्न आपल्याला जन्मभर विचारला जातो. वरोरा म्हटले तरी ‘तसे नाही, मूळ?’ असा उपप्रश्न येतोच. याला उत्तर देणारे प्रवासलेखन आपण किती केले? हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीत मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला नायक आहे. दलवाईंच्या विचारांशी कुणाचे मतभेद असोत, पण गावी परतणे हा नुसता गोड अनुभव नसतो, गाव आपल्याला परत घेईलच असे नाही, हे त्या कादंबरीने निर्भीडपणे सांगितले. त्या वाटेने पुढे गेलेले मराठी मुस्लिम लेखन फार थोडे आहे.

याची मुळे वर्गातच दिसतात. आमच्या उर्दू शाळेतली मुले मराठीच्या तासाला ‘मामाचे गाव’ हा निबंध लिहितात, तेव्हा त्यात बैलगाडी येते, आमराई येते, मामी पुरणपोळी करते. खऱ्या मामूचे चिमूरला पंक्चरचे दुकान असते. ते निबंधात येत नाही. घरची मंडळी टेम्पोत देगच्या टाकून गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला जातात. तिथले सुपारीसारखे गोल दगड आणि त्यामागची व्यापाऱ्याची दंतकथा मुलांना पाठ असते. शेजारच्या चुलीवर हिंदू कुटुंबाचा स्वयंपाक चाललेला असतो, तोही त्यांनी पाहिलेला असतो. पण ‘सहल’ या विषयावर लिहायला सांगितले की मुले न पाहिलेल्या महाबळेश्वरला जातात. दोष मुलांचा नाही. गिरडची सहल मराठीत लिहिता येते, हे दाखवणारा धडा त्यांच्यापुढे आलेला नाही.

म्हणून आपल्या लेखकांना आमची विनंती आहे. आजोबा लाकडाच्या वखारीवर आले, रेल्वेत आले की कोळशाच्या खाणीवर, ते कुठल्या वाटेने आले आणि कुणाच्या ओसरीवर पहिली रात्र काढली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून लिहून काढा. ते मराठीतच लिहा, आणि ज्याने ओसरी दिली त्याचे नावही लिहा. वतनाचा सातबारा आपल्यापैकी पुष्कळांकडे नसेल, पण असे लेखन असेल तर ‘मूळ कुठले?’ या प्रश्नापुढे आपली मुले गप्प बसणार नाहीत.